खटकचिंचोळीचे शेरे

तोंडावर कौतुक करायची आमच्याकडं रीत न्हाई, हे आधीच सांगून ठेवते. न्हाईतर मागून म्हनाल, सरुबाई, स्वतःच्या पोरीला असं कसं लिहिलीस? तर ऐका. आमच्या बिदरकडच्या खटकचिंचोळीत लेकरू गोरंगोमटं झालं की बघायला आलेली बाई म्हनती, "अगं बया, कसलं माकड जन्माला घातलीस गं!" आन् बाळंतीण खूश होती. भाजी फक्कड झाली तर म्हनायचं, "गिळवत न्हाई बाई," आन् वाटी परत पुढं करायची. जितकी नावं जास्त तितकी माया जास्त. जुनी माणसं म्हनायची, आपल्या माणसाला नावाजलं की नजर लागते. आम्ही नजर-बिजर मानत न्हाई. आमच्या आजेसासऱ्यानं छप्पन सालीच देव, नवस, गंडेदोरे सगळं सोडून बुद्धाची वाट धरली. पण तोंडाची खोड तेवढी सुटली न्हाई.

माझी पिठाची गिरणी हाय. आमचे मालक प्रेमानंद शाळेत मास्तर हैत. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हनतंय, मी बी तेच म्हनते. रविवारी गिरणीवर डब्यांची रांग लागती. दळण व्हईपर्यंत माणसं बसणार कुठं? आमच्या पडवीत. पडवीत टीव्ही. आन् रविवारी साडेअकराला टीव्हीवर 'तोंडपाटील'.

तुम्ही बघत नसाल तर सांगते. चार माणसं एका लांब टेबलामागं बसतेत, पाचवा पाहुणा. सूत्रसंचालक एक फालतू विषय काढून देतो, लग्नात पंगतीत कुठं बसावं, शेजाऱ्याचा कोंबडा आरवला तर काय करावं असलं काही, आन् त्याच्यावर ही पाच माणसं तोंड चालवतेत. लोकं हसतेत. एवढंच. पण त्या पाऊण तासात मी गिरणी बंद ठेवते. कोणी कुरकुर केली तर त्याचा डबा उचलून त्याच्या हातात देते, जा म्हनते शेजारच्या दुबलगुंडीला दळून आण.

त्या माणसांची खरी नावं आम्हाला येतेत, पण आम्ही घेत न्हाई. सूत्रसंचालक म्हंजे 'गार चहा'. दिसायला चहाच, पण कपाला हात लावला की कळतंय. एक जण स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसून शेजाऱ्याला टाळी मागतो, तो 'टाळी'. एक बाई हाय, प्रत्येक गोष्ट 'आमच्याकडे ना' म्हनून सुरू करती, ती 'आमच्याकडे'. आमची शेजारीण शिवकन्या शिवणकाम करती, तिचं मत असं की त्या बाईचे ब्लाऊज बाहीत चुकलेत, त्यामुळं ती चिडून बोलती. चौथा एक म्हातारा नट हाय, तो एका भागात तीनच वाक्यं बोलतो, पण तिन्ही लागतेत. किराणा दुकानवाल्या ईरण्णाचं म्हननं, "ह्या एकट्यालाच ठेवा, बाकीच्यांना घरला पाठवा." ईरण्णा घरात कन्नड बोलतो, दुकानात हिंदी, आन् 'तोंडपाटील' बघताना मराठी.

पाहुण्यांवर तर आमचं जास्त लक्ष. ज्याचा सिनेमा येणार हाय तो पाहुणा पहिल्या मिनिटापासून सगळ्याला हसत सुटतो, त्याला आम्ही पाच मिनिटांत ओळखतो. एकदा एक स्वयंपाक शिकवणारा बुवा आला, पाऊण तासात एक विनोद केला न्हाई, पण त्यानं मुगाच्या भज्याची एक युक्ती सांगितली म्हनून सगळ्या बायका त्याच्या बाजूनं. मास्तर म्हनले, "हा विनोदी कार्यक्रम हाय." शिवकन्या म्हनली, "भजी चांगली व्हायलीत न्हवं मास्तर, मग?"

कार्यक्रम संपला की मी मोबाइल घेते आन् त्यांच्या पानावर सगळ्यांचे शेरे लिहिते. 'सरुबाई गिरणी' नावानं. कोण काय म्हनलं, कोण थकल्यासारखं दिसायलाय, कोणाला काढा, कोणाला ठेवा. दोन वर्षं झाली, एक रविवार चुकला न्हाई.

आन् मग आमची प्रेरणा त्या टेबलामागं दिसली.

प्रेरणा माझी एकुलती एक. सव्वीस वर्षांची. कलबुर्गीला इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आन् शनिवार-रविवारी कुठंकुठं माइक धरून लोकांना हसवायला जायची. तीन वर्षं हेच. मी म्हनायची, "नोकरी सांभाळून काय करायचं ते कर." ती म्हनायची, "नोकरीच सांभाळायलेय, माय, म्हनून तर जीव जायलाय." 'तोंडपाटील'वाल्यांना आपल्याकडचं, म्हंजे बिदर, भालकी, उदगीर, आळंद ह्या भागातलं कोणीतरी पाहिजे होतं, म्हंजे इकडची माणसं बी बघतील. तीन रविवार पाहुणी म्हनून ये म्हनले. लोकांना आवडलीस तर कायमची खुर्ची. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं सुपडं खाली पडलं. तोंडानं मी एवढंच म्हनले, "त्यांना दुसरं कोणी मिळालं न्हाई व्हय?"

पहिला रविवार. पडवीत पाय ठेवायला जागा न्हाई. ज्यांचं दळण न्हाई ते बी रिकामे डबे घेऊन आलेले. प्रेरणा निळा कुर्ता घालून बसलेली. विषय होता भांडण. गार चहानं विचारलं, तुमच्या गावी भांडणं कशी होतात? ती म्हनली, "आमच्या गावात भांडण मराठीत सुरू होतंय, रंगात आलं की कन्नडात जातंय, आन् मिटवायची येळ आली की सगळेच हिंदी बोलायलेत, 'जान्दो ना भई!'" तिकडं टाळ्या पडल्या. इकडं ईरण्णा मांडीवर थाप मारून मारून हसला. मग ती माझ्यावर आली. "माझ्या मायची गिरणी हाय. लहानपणापासून घरात ओरडूनच बोलायची सवय. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या दिवशी मी शेजारणीला म्हनलं, मीठ दे. पोरगी रडायलागली."

तो म्हातारा नट, तीन वाक्यंवाला, खुर्चीतून वाकून हसला. मी डोळ्याला पदर लावला. पीठ गेलं होतं डोळ्यात. गिरणी बंद होती, तरी गेलं होतं.

कार्यक्रम संपला. सगळे माझ्या तोंडाकडं बघायलेत. मी मोबाइल काढला. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या पोरीबद्दल चांगलं कसं लिहिणार? लोकं म्हनतील, बाईला लाज न्हाई. मी लिहिलं, "ही कोण पोरगी आणली? हिच्यापेक्षा आमच्या गिरणीचा पट्टा बरा बोलतो. हिला म्हणावं घरी जाऊन पीठ दळ." पडवीत सगळे खूश. शिवकन्या म्हनली, "माझं लिही. केस विंचरायला टाइम न्हाई का, आन् किती वाळलीय, चिपाड." ईरण्णा म्हनला, "लिही, परवाइल्ला." म्हंजे, चालतंय. ईरण्णानं स्वतःच्या लग्नातल्या जेवणाला बी परवाइल्लाच म्हनलं होतं, त्याच्या वरचा शब्द त्याच्याकडं न्हाई. मास्तरांनी स्वतःच्या मोबाइलवर चष्मा लावून लिहिलं, "सदर कलाकाराच्या प्रगतीस वाव आहे. अभ्यास वाढवावा." मग ज्याच्या-त्याच्याजवळ मोबाइल. भालकीतून आमच्या नणंदेनं लिहिलं, दुबलगुंडीतून माझ्या माहेरच्यांनी लिहिलं. सगळ्यांनी पोटभर नावं ठेवली. मला इतकं बरं वाटलं म्हनून सांगू, सगळा भाग एका पोरीवर माया करायलाय.

दुसऱ्या रविवारी बी तेच. मधल्या आठवड्यात माझ्या शेऱ्याला साडेतीन हजार अंगठे आले. साडेतीन हजार! मी डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले. मला वाटलं, साडेतीन हजार लोकांना आमची पोरगी आवडली.

त्याच्याखाली काय काय लिहिलंय ते मी त्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी वाचलं. "बरोबर बोललात काकू." "ही कसली भाषा?" "गावंढळपणा म्हणजे विनोद नव्हे." "घरीच बसवा हिला." माझं डोकं फिरलं. आमच्या पोरीला आम्ही बोललो, तुम्ही कोण रे मुडद्यांनो? एकेकाला मी उत्तर द्यायला बसले. एकाला लिहिलं, "तुझ्या बापाच्या घरचं खाती का ती?" त्यानं उलट लिहिलं, "काकू, सुरुवात तुम्हीच केली." गिरणीत दळण तसंच राहिलं, ईरण्णाचं पीठ जाडं पडलं, तरी तो तसंच घेऊन गेला.

सोमवारी सकाळी दहाला प्रेरणाचा फोन आला. आवाज बारीक. आमच्या घरात बारीक आवाजात कोणी बोलत न्हाई, मी गिरणी थांबवली.

"माय, काल कार्यक्रमवाल्यांची मीटिंग झाली. मला बी बोलवले होते."

"मग?"

"पडद्यावर शेरे दाखवले. म्हनले, हिच्या भागातली माणसं जोडावीत म्हनून हिला आणली, आन् त्याच भागातली माणसं हिला नावं ठेवायलेत. खटकचिंचोळी, भालकी, दुबलगुंडी, एक बी चांगला शेरा न्हाई. एक भाग राहिलाय. तो करून घेऊ म्हनले, मग बघू." पुढं म्हनली, "सगळ्यात वर तुझा शेरा होता. घरी जाऊन पीठ दळ. एवढ्या मोठ्या अक्षरात."

"अगं, मग सांगायचं होतीस न्हवं, ती माझी माय हाय म्हनून!"

"कसं सांगू? बारा माणसांसमोर उभी राहून सांगू, की हे लिहिलेली बाई माझी माय हाय?"

मी खाली डब्यावर बसले. आपलेच दात आन् आपलेच ओठ.

"प्रेरणा, तुला माहीत हाय की गं आपल्याकडची रीत. आपण बोलतो ते…"

"माहीत हाय, माय. लहानपणापासून माहीत हाय. 'कसली भिकार भाकरी केलीस' म्हनून तू दोन खायचीस, तवा मला कळायचं, चांगली झाली. तू समोर दिसायचीस. इथं नुस्ती अक्षरं हैत. अक्षरात तू दिसत न्हाईस." मग म्हनली, "यावेळेस मला खरंच कळलं न्हाई, तुला आवडलं का न्हाई."

मी तोंड उघडलं. आन् बघा, जीभच उचलेना. साधा शब्द, 'आवडलं'. सव्वीस वर्षांत त्या पोरीला कधी म्हनला न्हाई तो एकदम कुठून येणार? मी म्हनले, "जेवलीस का?" ती म्हनली, "हाव," आन् फोन ठेवला.

त्या दिवशी मी गिरणीवर सगळ्यांना गोळा केलं. म्हनलं, आपण पोरीचं वाटोळं केलंय. शिवकन्या रडायला लागली. ईरण्णा म्हनला, "मी तर परवाइल्ला म्हनलो होतो की!" मी म्हनलं, "त्या पुण्यामुंबईवाल्यांना तुझं परवाइल्ला काय कळणार? आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी चांगलं लिहा."

चांगलं लिहा म्हनायला सोपं. अर्धा तास सगळे मोबाइल धरून बसले. चांगलं काय लिहायचं असतंय, हेच कोणाला येईना. शेवटी मास्तर म्हनले, मी सांगतो तसं लिहा. शाळेत श्रुतलेखन घालतेत तसं त्यांनी सांगितलं, "सदर कलाकार अत्यंत गुणी असून तिचे भवितव्य उज्ज्वल आहे." सगळ्यांनी लिहिलं. भालकीला, दुबलगुंडीला बी पाठवलं, त्यांनी बी तेच चिकटवलं. दुपारी दोनपर्यंत चाळीस-पंचेचाळीस शेरे गेले. कानामात्रा वेलांटीसकट एकसारखे. मी हुश्श केलं.

चारला फोन. अनोळखी नंबर. "सरुबाई गिरणी का? मी विजयश्री बोलतेय, 'तोंडपाटील'च्या ऑफिसमधून. तुमच्या गावातनं एका दुपारीत पंचेचाळीस लोकांनी मत बदललंय, आणि सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय. आमचे साहेब म्हणतात, पोरीनं गावाकडून लिहून घेतलंय. मला खरं-खोटं करायला पाठवायलेत. बुधवारी येते मी, कॅमेरा घेऊन. लोकांनी समोर येऊन काय ते बोलावं."

घ्या! करायला गेले एक आन् झालं भलतंच. आधी पोरीला नावं ठेवली, आता तिला लबाड ठरवली. मास्तर तर त्या रात्री जेवले न्हाईत, 'सदर' शब्दच वाईट होता का काय म्हनत बसले.

बुधवारी सकाळी विजयश्री आली. तिशी-पस्तिशीची, जीन्स, खांद्यावर झोळी, हातात छोटासा कॅमेरा. मला वाटलं होतं पुण्यामुंबईची कोणीतरी टिपटॉप येईल. तिनं पायरीवर चपला काढल्या, "मावशी, पाणी द्या की आधी," म्हनली, तिथंच मला ती इकडची वाटली. विचारलं तर आळंदची निघाली. पंधरा वर्षं झाली मुंबईला.

तिनं कॅमेरा तिकाटण्यावर लावला. डब्यांच्या रांगेसमोर एक खुर्ची ठेवली. म्हनली, "एकेकानं बसा, आणि प्रेरणाबद्दल मनापासून जे वाटतं ते बोला."

पहिली शिवकन्या. नवी साडी नेसून आलेली. खुर्चीत बसली, हात जोडले. "प्रेरणा लहानपणापासून मनमिळाऊ होती," ती म्हनली. "कधी कोणाला उलट बोलली न्हाई. माझ्या मांडीवर खेळली. तिचा हसरा चेहरा…" आन् पदरात तोंड घालून रडायलागली.

विजयश्रीनं माझ्याकडं बघितलं.

मग ईरण्णा. तो डोळे मिटून, मान खाली घालून बसला. "नम्म हुडगी," तो म्हनला, "आमची पोरगी. असा जीव परत होणे न्हाई. आमच्या गावची जागा कोणी भरून काढू शकत न्हाई." मास्तरांनी चष्मा काढला आन् उभे राहिले. ते उभे राहिले म्हनून बाकीचे बी उठून उभे राहिले. कोणीतरी मागं नाक ओढलं.

"अण्णा!" विजयश्री ओरडली. "ती जिवंत हाय! काल माझ्यासमोर वडापाव खाल्लाय तिनं!"

पण आमचा बी काय इलाज? आमच्याकडं माणसाचे गुण सांगायची एकच येळ असती, माणूस गेल्यावर. तवा सगळे उभे राहतेत आन् एकेक जण बोलतो. दुसरं चांगलं बोलणं आम्ही कधी ऐकलंच न्हाई, तर येणार कुठून? मी हे विजयश्रीला सांगितलं. रीतच सांगितली सगळी, माकड म्हनण्यापासून गिरणीच्या पट्ट्यापर्यंत. ती आधी हसली. पोट धरून हसली, गव्हाच्या डब्यावर बसून हसली. म्हनली, "मला वास आलाच होता, मावशी. म्हणून मीच जाते म्हणाले. आमच्या आळंदला बी हेच. मी दहावीला तालुक्यात पहिली आले, पेपरात नाव आलं. आमचे अप्पा म्हणाले, पेपर सोपा निघाला असेल."

"आन् आता? आता टीव्हीवाली झालीस, आता काय म्हनतेत?"

"आता न्हाईत अप्पा. चार वर्षं झाली." ती झोळीचा बंद बोटाला गुंडाळायलागली. "ते गेल्यावर लोक भेटायला आले, तेव्हा कळलं. भुसार बाजारात, बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, सगळ्यांना सांगत फिरायचे म्हणे, माझी विजू अशी, माझी विजू तशी. त्या पेपराचं कात्रण खिशात ठेवायचे. अख्ख्या आळंदला माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं."

ती उठली आन् कॅमेऱ्याशी उगंच काहीतरी करायलागली. मी खुर्चीत जाऊन बसले.

"लाव," म्हनलं.

लाल दिवा लागला. वीस वर्षं पट्टा सुटलेली गिरणी हातानं थांबवलीय मी, कधी भीती वाटली न्हाई. त्या लाल दिव्याची वाटली. आधी मी म्हनले, "तो दिवा बंद करता येत न्हाई का?" विजयश्री म्हनली, "न्हाई." मग मी बोलायला सुरुवात केली. तोंडातून पहिल्यांदा काय निघालं असेल? "केस विंचरत जा जरा." शिवकन्यानं मागून डोक्यावर हात मारून घेतला. मी दम घेतला आन् परत सुरू केलं.

"प्रेरणा, मी तुझी माय बोलायलेय. घरी जाऊन पीठ दळ असं लिहिलेली बाई मीच, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. ते साडेतीन हजार अंगठेवाले बी ऐका. मी खोटं लिहिलं. माझ्या पोरीचा पहिला भाग मी मोबाइलवर सात वेळा बघितला. मिठाचं ऐकून मी इतकी हसले की सुपातली जवारी सगळी खाली सांडली. तू बोलायला लागलीस की मला दुसरं कोणी दिसत न्हाई. तू दहावीला होतीस, नोकरी लागली, माइक धरून उभी राहिलीस, प्रत्येक वेळेस मला सांगायचं होतं आन् मी भलतंच काहीतरी बोलले. तू विचारलीस ना, आवडलं का? आवडलं. लई आवडलं. तू मला लई आवडतीस, प्रेरणा. ते खुर्ची देतेत न देतेत ते त्यांचं त्यांनी बघावं. मी तुझ्यावर खूश हाय." "बास. बंद कर गं बाई," मी म्हनलं, आन् उठून गिरणी चालू केली, रिकामीच, म्हंजे कोणी काही बोललं तरी ऐकू येऊ नये.

विजयश्रीला जाताना सत्तूचं पीठ बांधून दिलं. तिनं माझा हात जरा जास्त येळ धरून ठेवला.

बुधवारपासून रविवारपर्यंत प्रेरणाचा फोन न्हाई. मी बी केला न्हाई. गुरुवारी त्यांचं शूटिंग झालं असणार, एवढं माहीत. मास्तरांनी दोनदा फोन हातात घेऊन परत ठेवलेला मी बघितला. शिवकन्या म्हनली, "काढली असती तर तिनं सांगितलं असतं." ईरण्णा म्हनला, "ठेवली असती तरी सांगितलं असतं." मी दोघांचं बी दळण आधी दळून दिलं आन् गप बसा म्हनलं.

रविवार. साडेअकरा. पडवीत बसायला जागा न्हाई, बोलायला कोणी न्हाई. प्रेरणा त्याच निळ्या कुर्त्यात. वाळलीय खरी. पाऊण तास ती बोलत होती, लोकं हसत होती, टाळीनं दोनदा टाळी मागितली ती बी तिनं दिली, आन् मला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई. शेवटी गार चहा उभा राहिला. म्हनला, "गेले दोन आठवडे प्रेरणाच्या गावातून आम्हाला खूप शेरे आले. आमची विजयश्री ते तपासायला गेली होती. तिनं आम्हाला एक गोष्ट दाखवून दिली. हिला सगळ्यात जास्त नावं ठेवणाऱ्या माणसांनी हिचं एकही मिनिट चुकवलेलं नाही. आता हे बघा."

आन् पडद्यावर मी. तोंडाला पीठ लागलेलं, कोणी सांगितलं बी न्हवतं. केस विंचरत जा म्हनले तिथं सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. मला बघवेना, म्हनून मी डब्यांकडं बघत ऐकलं. संपल्यावर त्यांनी प्रेरणाला दाखवलं.

ती हसत न्हवती. रडत बी न्हवती. नुस्ती बघायली होती, तो पडदा गेला तरी तिकडंच. ज्या पोरीचं तोंड जन्मल्यापासून बंद झालं न्हाई, ती गप. टाळीनं हात पुढं केला, तो तसाच हवेत राहिला, मग त्यानं गुपचूप मागं घेतला.

गार चहा म्हनला, "प्रेरणा, पुढच्या रविवारपासून ही खुर्ची तुझी. कायमची."

तिकडं सगळे उठून टाळ्या वाजवायलागले. आमच्या पडवीत शिवकन्या किंचाळली, ईरण्णानं डबा वाजवला, मास्तर टोपी शोधायलागले, टोपी ते घालतच न्हाईत. मी मात्र पोरीकडं बघत होते. तिनं खुर्चीकडं बघितलं बी न्हाई.

"हाव, ते असू द्या," ती म्हनली. "ते माझ्या मायचं परत लावा की."

लोकांना वाटलं विनोद हाय. हसले. गार चहा बी हसला.

"न्हाई, खरंच," ती म्हनली. आवाज बारीक. "एकदा परत लावा. शेवटचं तेवढं."

आन् त्यांनी परत लावलं.